पिंजऱ्यातले मास्तर : दामू धोत्रे

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर किंवा मुलुंड, उपनगर कोणतेही असो, सकाळच्या वेळी रस्त्यावर एक दृश्य हमखास दिसते. पट्ट्याला हिसके देत कुत्रा पुढे चाललेला असतो आणि मालक त्याच्यामागे ओढला जात असतो. कुत्रा ऐकत नाही, ही मालकाची तक्रार असते. त्यावरचे उपायही ठरलेले असतात. कोणी पट्ट्याला जोराचा झटका देतो, कोणी ओरडतो, कोणी वर्तमानपत्राची गुंडाळी उगारतो, तर कोणी खिशातील बिस्किटे एकामागून एक पुढे करीत राहतो. जनावराला शिकवावे ते धाकाने की लाडीगोडीने, हा वाद अनेक घरांत रोज नव्याने रंगतो.

या प्रश्नाचे उत्तर एका मराठी माणसाला अशा ठिकाणी शोधावे लागले, की जिथे चूक पोटात घालणारे कोणी नव्हते. दामू गंगाराम धोत्रे हे त्यांचे नाव. १९०२ मध्ये पुण्यातील एका गरीब घरात जन्मलेले धोत्रे पुढे अमेरिकेतील ‘रिंगलिंग ब्रदर्स अँड बार्नम अँड बेली’ या जगातील सर्वांत मोठ्या सर्कशीत वाघ-बिबट्यांचे शिक्षक म्हणून नावाजले गेले. अंगात सदरा नाही, डोक्याला फेटा आणि खांद्यांवर पसरलेला जिवंत बिबट्या, ही त्यांची छबी एके काळी अमेरिकेतील लाखो प्रेक्षकांच्या परिचयाची होती. १९७३ मध्ये त्यांचे निधन झाले. आज त्यांचे नाव सर्कशीच्या जुन्या शौकिनांपुरतेच उरले आहे. मात्र त्यांनी ज्या रीतीने जनावरे शिकवली, ती रीत आज घरातील कुत्र्यापासून पोलिसांच्या श्वानपथकापर्यंत सर्वत्र ग्राह्य मानली जाते.

सर्कशीचा मराठी वारसा

धोत्रे यांचे आयुष्य समजून घ्यायचे, तर आधी मराठी सर्कशीकडे वळावे लागते. भारतीय सर्कशीचा आरंभ १८८० मध्ये झाला तो विष्णुपंत छत्रे यांच्या ‘ग्रेट इंडियन सर्कस’पासून. सांगली जिल्ह्यातील अंकलखोपचे छत्रे मूळचे अश्वशिक्षक. घोड्याला चाल शिकवणे, इशाऱ्यावर थांबवणे, धावत्या घोड्यावर उभे राहणे ही त्यांची विद्या. मुंबईत आलेली इटालियन सर्कस पाहून त्यांनी तशीच देशी सर्कस उभी करण्याचा ध्यास घेतला आणि तो तडीस नेला. पुढे म्हैसाळच्या देवलांची सर्कस, कार्लेकरांची सर्कस अशा मराठी सर्कशींची रांगच लागली. भारतीय सर्कशीचा पाया घालणारा माणूस कसरतपटू नव्हता, जनावरांचा शिक्षक होता, ही बाब लक्षात ठेवण्याजोगी आहे.

या परंपरेतील एक सर्कस शेलार यांची. शेलार हे दामू धोत्रे यांचे मामा. घरच्या गरिबीत वाढणाऱ्या मुलाला मामाच्या तंबूचे आकर्षण वाटावे, हे स्वाभाविकच होते. लहान वयातच दामू सर्कशीत दाखल झाले. त्या काळी सर्कशीतील मुलाला एकच काम करून भागत नसे. तंबूचे दोर ओढणे, जनावरांचे पिंजरे धुणे, कोलांट्या, झुले, सायकल असे सारे अंगवळणी पाडावे लागे. त्यातही दामूंचा हात बसला तो सायकलीवरच्या कसरतींत. पुढे पिंजऱ्यात नाव काढणाऱ्या या माणसाची पहिली ओळख सायकलपटू अशी होती.

ही सुरुवात पुढील कामाला फार उपयोगी पडली असली पाहिजे. सायकलीवरची कसरत म्हणजे तोल आणि क्षण यांचा हिशेब. क्षणभर आधी हालचाल केली तरी पडणे, क्षणभर उशीर केला तरी पडणे. जनावर शिकवण्यातही नेमका हाच हिशेब असतो. शाबासकी एका श्वासाने उशिरा पोचली, तर ती भलत्याच कृतीला मिळते. जो माणूस स्वतःच्या शरीरावर ताबा ठेवून नेमक्या क्षणाची वाट पाहू शकतो, त्यालाच बिबट्याच्या पंजाची हालचाल होण्याआधी ती ओळखता येते.

धाकाची शाळा

तारुण्यात पदार्पण करता करता धोत्रे पिंजऱ्याकडे वळले. वाघ, सिंह आणि बिबटे हे तेव्हाच्या सर्कशीचे मुख्य आकर्षण होते. मात्र जनावराकडून काम करवून घेण्याची प्रचलित रीत बहुतेक ठिकाणी धाकाची होती. सोटा, चाबूक, उपासमार आणि गोंगाट यांच्या बळावर जनावराला एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात पळवायचे आणि त्या पळण्यालाच खेळ म्हणायचे, असा तो प्रकार. युरोपातही एकोणिसाव्या शतकात हेच चालत असे.

या रीतीला पहिला मोठा छेद दिला तो जर्मनीतील हॅम्बुर्गचे कार्ल हागेनबेक यांनी. १८४४ ते १९१३ हा त्यांचा जीवनकाळ. वन्य प्राण्यांच्या व्यापारात हयात गेलेल्या हागेनबेक यांनी पाहिले की, मार खाऊन शिकलेले जनावर भरवशाचे राहत नाही आणि फार काळ जगतही नाही. प्रत्येक जनावराचा स्वभाव वेगळा असतो. शिकण्यास योग्य जनावर निवडून, मांसाच्या तुकड्याच्या आणि आवाजाच्या साहाय्याने ते शिकवले, तर कामही चांगले होते आणि माणसाचा जीवही वाचतो, हा त्यांचा निष्कर्ष होता. ही मवाळ पद्धत हळूहळू युरोपातील चांगल्या सर्कशींमध्ये रुजली. धोत्रे यांची पुढील सारी कीर्ती याच पद्धतीवर उभी राहिली.

घास, हाक आणि जागा

ही पद्धत प्रत्यक्षात चालते कशी, हे पाहण्यासारखे आहे. नवा बिबट्या आला की शिक्षक लगेच पिंजऱ्यात शिरत नाही. पहिले काही दिवस तो बाहेरच बसतो. ठरलेल्या वेळी येतो, त्याच आवाजात नावाने हाक मारतो आणि काठीच्या टोकाला लावलेला मांसाचा छोटा तुकडा गजांमधून पुढे करतो. आरंभी जनावर काठीवरच झडप घालते, गुरगुरते, मागे सरते. शिक्षक काहीच करीत नाही. काही दिवसांनी जनावर हाक ऐकताच मान वळवते. हाकेमागून घास येतो, हे त्याला उमगलेले असते. येथे पहिला धडा पूर्ण होतो. हाक ही आता नुसती हाक राहत नाही, ती घासाची खूण बनते.

दुसरा धडा जागेचा. प्रत्येक जनावराला एक स्टूल ठरवून दिले जाते. काठीवरचा घास पुढे नेत नेत जनावराला त्या स्टुलापर्यंत आणायचे. पुढचे पाय त्यावर टेकले, की त्याच क्षणी शाबासकीचा शब्द आणि घास. मग चारही पाय. मग चारही पाय टेकून थोडा वेळ बसणे. प्रत्येक पायरी इतकी लहान ठेवायची, की जनावराला चुकण्याचे कारणच उरू नये. कालांतराने घास प्रत्येक वेळी द्यावा लागत नाही. शब्द पुरतो, कारण शब्दामागे घास आहे, हा भरवसा जनावराला आलेला असतो. हा भरवसा मात्र कधीही मोडायचा नसतो. फसवून बोलावलेले जनावर दुसऱ्या दिवशी येत नाही, आणि आलेच तर वेगळ्या हेतूने येते.

मुख्य म्हणजे हे सारे जनावराला उपाशी ठेवून करता येत नाही. उपाशी वाघ शिकत नाही, तो फक्त मांसाकडे पाहतो. म्हणून शिकवणीचे तुकडे लहान ठेवायचे आणि पोटभर जेवण नंतर ठरल्या वेळी द्यायचे. शिकवणीही थोडा वेळच चालते. जनावर कंटाळण्याआधी आणि शक्यतो त्याने एखादी गोष्ट बरोबर केल्यावर ती थांबवायची, हा अनुभवी शिक्षकांचा दंडक.

अंतराचे गणित

घासाइतकेच महत्त्वाचे असते ते अंतर. स्वित्झर्लंडचे प्राणिशास्त्रज्ञ हायनी हेडिगर यांनी १९४० च्या दशकात हे गणित शास्त्रीय भाषेत मांडले. प्रत्येक वन्य प्राण्याभोवती एक अदृश्य रेषा असते. माणूस त्या रेषेच्या आत आला की प्राणी मागे सरतो. मागे सरायला वाट नसेल आणि माणूस आणखी पुढे आला, तर दुसरी रेषा ओलांडली जाते. त्या रेषेच्या आत प्राणी पळत नाही, तो हल्ला करतो. रिंगमास्तर हा या दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यात उभा राहून काम करणारा माणूस असतो.

हेडिगर यांनी लिहिण्याच्या कितीतरी आधीपासून पिंजऱ्यातील माणसे हे गणित पायांनी जाणत होती. एक पाऊल पुढे टाकले की बिबट्या स्टुलाच्या दिशेने सरतो. तो स्टुलावर चढला की शिक्षक लगेच एक पाऊल मागे घेतो. प्रेक्षकांना यात काही विशेष दिसत नाही. बिबट्याला मात्र सर्व काही कळते. दडपण आले होते आणि आपण योग्य जागी बसताच ते गेले, एवढे त्याला पुरते. मागे घेतलेले पाऊल हेही एक बक्षीस असते, आणि ते देण्यासाठी मांस लागत नाही.

या गणितात चाबकाचे स्थान कोणते, हा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो. धोत्रे ज्या पंथाचे होते, त्या पंथात चाबूक म्हणजे लांब केलेला हात. कोठे जायचे ते दाखवण्यासाठी, लक्ष वेधण्यासाठी आणि अंतर राखण्यासाठी तो असतो. जनावर चुकते, दुसऱ्याच्या स्टुलाकडे वळते, शेजाऱ्यावर दात विचकते, तेव्हा त्याला अडवावे लागतेच. नुसत्या लाडाने पिंजरा चालत नाही. पण अडवणे त्याच क्षणी, मोजकेच आणि योग्य वाट मोकळी ठेवून झाले पाहिजे. काठीने जमिनीवर केलेला एक टकटकाट, नावाने मारलेली खालच्या पट्टीतील हाक, अर्धे पाऊल पुढे. जनावर जागेवर परतले की प्रकरण संपले. मनात राग धरून दिलेली शिक्षा, उशिरा दिलेली शिक्षा आणि जनावराला बाहेर पडायला वाट न ठेवता दिलेली शिक्षा, या तिन्हींचा शेवट रक्तात होतो.

त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे, जनावर ऐकत नाही तेव्हा चूक बहुधा शिक्षकाची असते. उडी मारायला बिबट्या नकार देतो, कारण पलीकडचे स्टूल डळमळते. वाघ जागा सोडतो, कारण शेजारच्या वाघाची आणि त्याची कुरबुर असते. आधी स्टूल हलवून पाहायचे आणि मगच जनावराला बोल लावायचा, असा विचार या पद्धतीमागे आहे. कुत्रा पाळणाऱ्यांसाठी खरा धडा येथेच आहे. कुत्रा माणसाचा हजारो वर्षांचा सोबती. तो मार खातो, शेपूट पायात घालतो आणि थोड्या वेळाने पुन्हा पायाशी येऊन बसतो. त्यामुळे मालकाची चूक झाकली जाते आणि मार लागू पडला, असा त्याचा समज होतो. बिबट्या असा समज होऊ देत नाही. मवाळ पद्धत सर्कशीत टिकली ती केवळ दयेपोटी नव्हे. चुकीची रीत वापरणारे शिक्षक त्या व्यवसायात फार काळ टिकतच नव्हते.

फ्रान्सचा गुरू, अमेरिकेची वाट

भारतातील सर्कशींमध्ये नाव झाल्यानंतर १९३० च्या दशकाच्या अखेरीस धोत्रे युरोपात पोचले. फ्रान्समध्ये त्यांची गाठ पडली आल्फ्रेड कोर्ट यांच्याशी. मार्सेय येथे १८८३ मध्ये जन्मलेले कोर्ट हेही मूळचे कसरतपटू. वयाची पहिली उमेद कसरतीत घालवून ते पिंजऱ्यात शिरले आणि आपल्या काळातील सर्वश्रेष्ठ पशुशिक्षकांमध्ये गणले गेले. एकमेकांचे वैरी मानले जाणारे प्राणी एकाच पिंजऱ्यात शांतपणे बसवणे ही त्यांची खासियत होती. सिंह, वाघ, बिबटे, अस्वले आणि त्यांच्या जोडीला ग्रेट डेन जातीचे कुत्रेसुद्धा ते एकत्र आणीत.

असे मिश्र कळप शिकवणे हे एकाच जातीच्या जनावरांपेक्षा कितीतरी अवघड. सिंह कळपाने राहतो, त्याचा राग चेहऱ्यावर दिसतो. अस्वलाच्या चेहऱ्यावर काहीच दिसत नाही. बिबट्या एकटा राहणारा, चपळ आणि उंचावरून झेप घेणारा. काळा बिबट्या ही वेगळी जात नव्हे, तो गडद रंगाचा बिबट्याच. जग्वार आणि प्यूमा अमेरिका खंडातले. या प्रत्येकाची हद्द वेगळी, घाबरण्याची तऱ्हा वेगळी. एकाला दिलेला इशारा दुसऱ्याला धमकी वाटू शकतो. म्हणून प्रत्येकाला आधी स्वतंत्र शिकवून, मग दोघांना, मग तिघांना एकत्र आणावे लागते. महिनेच्या महिने जातात. कोर्ट यांनी ही जबाबदारी ज्या मोजक्या साहाय्यकांवर टाकली, त्यांत पुण्याचे धोत्रे होते.

१९३९ मध्ये युरोपात महायुद्ध भडकले. १९४० मध्ये कोर्ट आपली जनावरे आणि माणसे घेऊन अटलांटिक पार करून अमेरिकेत गेले आणि रिंगलिंग सर्कशीत दाखल झाले. धोत्रे त्यांच्यासोबत होते. वसंत ऋतूत न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये हंगामाचा आरंभ व्हायचा आणि नंतर रेल्वेगाड्यांमधून सारी सर्कस गावोगाव फिरायची. तीन रिंगणांत एकाच वेळी तीन खेळ, हे रिंगलिंगचे वैशिष्ट्य. कोर्ट यांच्या जनावरांचे तीन पिंजरे एकाच वेळी रंगू लागले, तेव्हा त्यातील एका पिंजऱ्यात बिबटे, काळे बिबटे, जग्वार आणि प्यूमा यांच्यामध्ये धोत्रे उभे असत.

अमेरिकेतील प्रेक्षकांना हा प्रकार नवा होता. तोपर्यंत तेथे क्लाइड बिटी यांच्या खेळाची चलती होती. एका हातात खुर्ची, दुसऱ्या हातात चाबूक, कमरेला पिस्तूल, समोर डरकाळ्या फोडणारे सिंह आणि वाघ, असा तो थाट. माणूस आणि श्वापद यांच्यातील झुंज हेच त्या खेळाचे आकर्षण. बिटी हेही आपल्या कामात निष्णात होते आणि त्या झुंजीचा बराचसा भाग जनावरांना शिकवलेलाच असे. तरीही प्रेक्षकांच्या मनावर ठसे ते हेच की, जनावर काबूत ठेवायचे तर त्याच्याशी लढले पाहिजे. कोर्ट आणि धोत्रे यांच्या पिंजऱ्यात लढाई नव्हती. तेथे शांतता होती. जनावर हाकेसरशी येई, खांद्यावर पसरे, सांगितलेल्या जागी जाऊन बसे. हा अवघा सहवास पाहून प्रेक्षकांच्या अंगावर काटा येई.

आगीत सापडलेला खेळ

या शांततेची एक कसोटी ६ जुलै १९४४ रोजी लागली. कनेक्टिकट राज्यातील हार्टफर्ड येथे खेळ चालू असताना रिंगलिंगच्या तंबूला आग लागली. पाण्यापासून बचावासाठी तंबूच्या कापडाला पॅराफिन आणि गॅसोलिनचा लेप दिलेला होता. त्यामुळे काही मिनिटांत सारा तंबू पेटला आणि दीडशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. धोत्रे त्या दिवशी रिंगणात नव्हते. कोर्ट यांच्या जनावरांचे काम मात्र त्याच वेळी संपत होते. ते सादर करणाऱ्या मे कोव्हार यांनी माथ्यावर आग असताना बिबट्यांना लोखंडी बोगद्यातून बाहेर काढले. घाबरलेल्या बिबट्यांनी तशा गोंधळातही ओळखीची वाट धरली, यामागे रोजच्या शिकवणीची पुण्याई होती. याच घटनेची दुसरी बाजू तितकीच विदारक आहे. जनावरांसाठी टाकलेल्या त्या लोखंडी बोगद्यांनी प्रेक्षकांच्या बाहेर पडण्याच्या वाटा अडवल्या आणि ते ओलांडता न आल्यामुळेही माणसे दगावली. सर्कशीच्या झगमगाटामागे किती धोके दडलेले होते, हे त्या दुपारी साऱ्या अमेरिकेने पाहिले.

महायुद्धाच्या काळात धोत्रे यांनी अमेरिकेच्या सैन्यातही नोकरी केली. युद्धानंतर ते पुन्हा पिंजऱ्यात परतले. परक्या देशात, परक्या भाषेत काम करणाऱ्या या माणसाला जनावरांच्या बाबतीत मात्र भाषेची अडचण कधी आली नसावी. बिबट्याला शब्दाचा अर्थ कळत नाही, त्याला आवाजाचा चढउतार कळतो आणि त्या आवाजामागून काय येते ते कळते. शब्द मराठी असो की इंग्रजी, तो रोज एकाच रीतीने उच्चारला गेला म्हणजे झाले.

पुण्याला परत

उतारवयाकडे झुकताना दम्याने धोत्रे यांचा पिच्छा पुरवला. पिंजऱ्यात धाप लागणे म्हणजे जोखीम. शिक्षकाच्या श्वासातला, चालीतला बदल जनावराला तत्काळ जाणवतो. अखेर पिंजऱ्याचा निरोप घेऊन ते मायदेशी, पुण्याला परतले. १९६१ मध्ये त्यांचे इंग्रजी आत्मकथन ‘वाइल्ड ॲनिमल मॅन’ अमेरिकेत प्रसिद्ध झाले. भानू शिरधनकर यांनी शब्दांकन केलेले ‘वाघ सिंह माझे सखे सोबती’ हे पुस्तक मराठी वाचकांच्या ओळखीचे आहे. त्या शीर्षकातच त्यांच्या आयुष्याचे सार आले आहे. १९७३ मध्ये पुण्यात त्यांनी जगाचा निरोप घेतला.

धोत्रे पिंजऱ्यात जे अनुभवाने करीत होते, त्याचे शास्त्र त्याच काळात प्रयोगशाळांमध्ये आकार घेत होते. रशियात इव्हान पावलॉव्ह यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी कुत्र्यांवरील प्रयोगांतून दाखवले की, अन्नापूर्वी वारंवार दिलेली खूण पुढे एकटीच लाळ आणते. हाकेची घासाशी गाठ कशी पडते, याचे उत्तर त्यात होते. अमेरिकेत बी. एफ. स्किनर यांनी १९३८ मध्ये आपल्या ग्रंथात दाखवून दिले की, ज्या कृतीमागून बक्षीस येते ती कृती वाढते. १९५१ मध्ये त्यांनी सामान्य वाचकांसाठी लेख लिहून घरातील कुत्रा कसा शिकवावा, ते सांगितले. दाबल्यावर कट्‌ असा आवाज करणारे मुलांचे एक खेळणे त्यांनी त्यासाठी सुचवले होते. आज श्वानशिक्षक वापरतात तो ‘क्लिकर’ त्याच कुळातला. आवाज आणि मग घास, हा तोच जुना क्रम.

पिंजऱ्यावरचा प्रश्न

धोत्रे यांचे कौतुक करताना एक प्रश्न टाळून चालणार नाही. कितीही मवाळपणे शिकवले, तरी पिंजरा तो पिंजराच. गावोगावचा प्रवास, अरुंद गाड्या, प्रकाशाचा आणि वाद्यांचा मारा हे सारे जनावराच्या निसर्गाविरुद्ध असते. शिवाय प्रत्येक सर्कशीत धोत्रे नव्हते. अनेक तंबूंमध्ये धाकाची जुनी शाळाच चालू राहिली. केंद्र सरकारने १९९८ मध्ये अधिसूचना काढून अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांच्या खेळांवर बंदी घातली. सर्कसमालकांनी तिला न्यायालयात आव्हान दिले. १ मे २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली. ज्या व्यवसायात धोत्रे यांनी हयात घालवली, तो भारतात अशा रीतीने संपला.

हे योग्यच झाले, असे आज बहुतेकांना वाटते. मुंबईकरांना तर बिबट्या पाहण्यासाठी तंबूत जाण्याची आवश्यकता नाही. बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत पसरलेल्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात तो मोकळा राहतो आणि रात्री वस्तीच्या कडेपर्यंत येऊन जातो. तेथे त्याला शिकवण्याचा प्रश्न नाही. त्याचे अंतर राखणे, कचरा उघड्यावर न टाकणे आणि त्याची वाट न अडवणे, हे शिकायचे ते माणसांनी. धोत्रे ज्या अंतरावर उभे राहून जगले, त्या अंतराचा मान राखणे उपनगरांतील रहिवाशांच्याही हिताचे आहे.

शिकवण उरली ती श्वानशाळेत

व्यवसाय संपला, तरी त्यातील विद्या संपली नाही. तिचे सर्वांत ठळक उदाहरण मुंबईनेच पाहिले आहे. पुण्यातील शिवाजीनगरच्या श्वान प्रशिक्षण केंद्रात शिकून आलेला ‘जंजीर’ हा लॅब्रेडॉर १९९२ च्या अखेरीस मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकात दाखल झाला. मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर त्याने ३,३०० किलोंहून अधिक आरडीएक्स, शेकडो डिटोनेटर आणि हातबॉम्ब हुडकून काढले. २००० मध्ये तो गेला, तेव्हा पोलिसांनी त्याला सन्मानाने निरोप दिला. बॉम्बशोधक कुत्र्याला धाकाने शिकवताच येत नाही. वास सापडल्यावर त्याने भुंकायचे नसते, ओरबाडायचे नसते, शांत बसायचे असते. बसताच त्याला आवडता चेंडू किंवा घास मिळतो. त्याच्या लेखी हा खेळ असतो. शिक्षा होईल या भीतीने जो कुत्रा मालकाच्या चेहऱ्याकडे पाहत राहील, त्याचे नाक काम करणार नाही, आणि त्याची किंमत माणसांच्या जिवाने मोजावी लागेल.

घरातील कुत्र्याबाबत एवढे काही पणाला लागलेले नसते. तरी नियम तेच आहेत. पट्टा ढिला असताना कुत्रा शेजारी चालला, की त्याच क्षणी शाबासकी. ओढू लागला, की मालकाने थांबायचे. ओढून कोठेही पोचता येत नाही, हे कळायला कुत्र्याला फार दिवस लागत नाहीत. बोलावल्यावर तो उशिरा आला तरी रागवायचे नाही, कारण शिक्षा उशिराला न होता येण्याला होते. घरातील सर्वांनी एका कृतीसाठी एकच शब्द वापरायचा. आजोबांनी सोफ्यावर बसवायचे आणि सुनेने हाकलायचे, असे झाले तर कुत्रा तरी काय करणार? आणि तो ऐकेनासा झाला, तर आधी स्टूल डळमळते आहे का, ते पाहायचे. पुरेसा व्यायाम नाही, पोटात दुखते, लिफ्टची भीती वाटते, फटाक्यांचा आवाज होतो, यांपैकी काहीही कारण असू शकते.

दामू धोत्रे यांनी कुत्र्यांची शाळा काढली नाही, की शास्त्राचा ग्रंथ लिहिला नाही. पुण्यातील एका गरीब मुलाने सायकलीवर तोल शिकला आणि तोच तोल आयुष्यभर बिबट्यांमध्ये उभे राहून सांभाळला. शाबासकी वेळेवर, अडवणूक मोजकी आणि राग कधीच नाही, या तीन गोष्टी पाळल्या म्हणून ते पिंजऱ्यातून दररोज चालत बाहेर आले आणि म्हातारपणी आपल्या गावी परतू शकले.